बाशी ईदचा तवा

आमच्या घरातली सगळ्यात जड गोष्ट कोणती, असं कुणी विचारलं की अब्बा क्षणभरही न थांबता सांगायचे, “शमीमची जिद. आन् तिच्या खालोखाल तवा.” माझ्या जिदीचं वजन कुणी केलं नव्हतं, पण तव्याचं ज्याला त्याला माहीत होतं, कारण पावसात अंगण भिजायला लागलं की तो उचलून आत नेताना अब्बांनाही मधे दोनदा टेकवावा लागे. तो मुळात तवा नव्हताच. ट्रॅक्टरच्या नांगराची ती झिजलेली गोल लोखंडी तबकडी होती, किंचित खोलगट, कुणीतरी अब्बांच्या गॅरेजवर टाकून गेलेली. केजच्या जीप-अड्ड्यामागे पत्र्याच्या शेडमध्ये अब्बांचं गॅरेज होतं. त्यांनी तबकडीच्या मधलं भोक लोखंडाच्या चकतीनं बुजवलं, कडेला पाइपाचा लांब दांडा वेल्ड केला, आणि नवीन लग्न झालेल्या आमच्या अम्मासमोर ते धूड आणून ठेवलं. दुसऱ्यांचे नवरे बायकोला बांगड्या आणतात, असं अम्मा पुढे आयुष्यभर ऐकवत राहिली. पण ऐकवताना तिचा आवाज कधीच तक्रारीचा नसायचा.

तव्यामागची गरज खिमा रोटीची होती. अब्बांच्या घरात बाशी ईदला, म्हणजे बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी, खिमा लावलेली रोटी झालीच पाहिजे असा रिवाज होता. पूर्वी गावात एक भट्टीवाला होता, त्याच्या तंदूरमध्ये ती भाजून यायची. तो भट्टी मोडून गाव सोडून गेला आणि रिवाज उघड्यावर पडला. मोठी फुफी, अब्बांची थोरली बहीण जैबुन, म्हणाली की आता नुसता खिमा आणि चपाती करू. त्या वर्षी अम्मा घरात नवी होती, आष्टीकडच्या एका लहानशा गावातून आलेली. तिच्या माहेरी ज्वारी सोडून दुसरं पीठ क्वचित दिसायचं. सासरी सगळ्यांना तिच्या भाकरीचं कौतुक होतं, पण ते कौतुक चुलीपुरतंच. घरातल्या कुठल्याही गोष्टीत तिचा शब्द कुणी विचारत नसे. त्या मुलीनं नांगराच्या तबकडीवर रोटी चिकटवून, सगळी तबकडी निखाऱ्यांवर उपडी करून, वरच्या खिम्याला तंदूरसारखी आच द्यायची युक्ती कुठून काढली, देव जाणे. विचारलं तर म्हणायची, “तुझ्या अब्बांनी दांडा लावून दिलता. आता दांडा हाय म्हणल्यावर उलटायचाच की.” नांगराच्या पात्यावर रोटी कुठं होते का, म्हणून फुफी आधी हसली, मग खाल्ली, मग गप्प बसून दुसरी खाल्ली. त्या दिवसापासून बाशी ईदचं दस्तरखान, म्हणजे सगळ्या गोतावळ्याची पंगत, आमच्या अंगणात पडायला लागलं आणि घरात काही ठरवायचं असलं की फुफी म्हणायची, “दुल्हनला पण विचारा.” लग्नाला किती वर्षं झाली तरी फुफी अम्माला दुल्हनच म्हणायची.

हे मी आज सहज लिहून गेले, पण त्या वयात मला हे सगळं कुणी समजावून सांगितलेलं नव्हतं. मला दिसायचं ते एवढंच, की वर्षभर मान खाली घालून वावरणारी माझी आई त्या एका दिवशी अंगणाच्या मधोमध पाटावर बसायची, आणि मोठमोठी माणसं तिच्या हाताकडे बघत ताट घेऊन थांबायची.

सकाळी पहिला आवाज खिम्याचा असायचा. यंत्रातून काढलेला खिमा अम्माला चालत नसे. चिंचेच्या ओंडक्यावर दोन सुऱ्या घेऊन ती गोश्त बारीक करायची, आणि त्या सुऱ्यांचा टकटक आवाज अख्ख्या गल्लीत जायचा. आधी संथ, मग भरभर, मग मधेच थांबून सुरीच्या पाठीनं सगळं गोळा करायची आणि परत सुरू. त्यात आलं, लसूण, हिरव्या मिरच्या आणि मूठभर कोथिंबीर ओंडक्यावरच चिरून मिसळायची. मग पातेल्यात कांद्याबरोबर अर्धवट परतून, त्यातलं पाणी आटवून, थंड झाल्यावर फुटाण्याच्या डाळ्यांचं कूट आणि काळा मसाला कालवायची. कूट नसेल तर तवा उलटा केल्यावर खिमा सुटून खाली पडतो. कणीक गव्हाची, थोडा मैदा घातलेली, दह्यात भिजवून सकाळपासून ओल्या फडक्याखाली ठेवलेली. चुलीच्या शेजारी अब्बा एक उथळ खड्डा खणून द्यायचे, त्यात बाभळीचे निखारे आणि दोन्ही बाजूंना विटा. चुलीवर तवा तापवायचा, रोटी चिकटवायची, दांडा धरून तवा उचलायचा आणि विटांवर उपडा घालायचा. थोड्या वेळानं खिम्याच्या कडा करपल्याचा वास आला की परत सुलटा. वास आला की म्हणजे नेमका केव्हा, ते फक्त अम्माच्या नाकाला कळायचं. माझा नातू पुण्याहून आला की या रोटीला पिझ्झा म्हणतो. म्हणू दे बापडा. मात्र परवा त्यानं त्यावर सॉस मागितला तेव्हा मी त्याला ताटावरून उठवायचंच बाकी ठेवलं होतं.

माझं आठवीचं वर्ष सुरू असताना अम्मा हातपंपाजवळच्या शेवाळलेल्या दगडावरून घसरली. भरलेली घागर वाचवायला गेली आणि उजव्या मनगटावर पडली. हाड बसवणाऱ्या एका म्हाताऱ्यानं कामट्या लावून हात बांधला. बांधलेलं सोडल्यावर मनगट वाकडं निघालं आणि त्यातली पकड गेली ती गेलीच. वाटी उचलली तरी हात थरथरायचा. भाकऱ्या माझ्याकडे आल्या. त्या मला येतच होत्या, आमच्याकडे मुलीला अक्षरं आणि भाकरी बरोबरच शिकवत. पण शाळेत जायच्या आधी सगळ्यांच्या भाकऱ्या थापायच्या म्हणजे माझी पहिली तासिका रोज बुडायची, आणि त्याचा त्रास माझ्यापेक्षा अम्मालाच जास्त व्हायचा. माझ्या अभ्यासाचा तिला विलक्षण सोस होता. स्वतःला लिहिता येत नव्हतं, पण माझं अक्षर बिघडलेलं तिला लांबून कळायचं.

ईद महिन्यावर आली तेव्हा एका संध्याकाळी फुफी आली. ती दोन गल्ल्या सोडून राहायची, अंगण आमच्यापेक्षा ऐसपैस. आल्या आल्या तिनं अम्माचं मनगट हातात घेऊन चोळलं, तेल कोणतं लावतेस विचारलं, आणि मग चहाची बशी खाली ठेवत म्हणाली, “दुल्हन, यंदा दस्तरखान माझ्याकडं लावू. तुझा हात असा. तू नुसतं बसायचं, खायचं. तवा मी घेऊन जाते.”

फुफी वाईट नव्हती, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही तिला खलनायिका करून मोकळे व्हाल. ती व्यवहारी होती. तिला सगळ्या गोष्टी जागच्या जागी लागायच्या, आणि जी वस्तू वापरात नाही ती वापरणाऱ्याच्या घरी जावी असं तिला मनापासून वाटायचं. पण तिनं कुणाकडून नेलेली वस्तू कधी परत आल्याचं आमच्या घराण्यात कुणाला आठवत नव्हतं.

अम्मा म्हणाली, “घेऊन जा, आपा. लोखंडच तर हाय.”

अब्बा दारात हात पुसत उभे होते. ते म्हणाले, “आपा म्हणतात ते बरोबरच हाय,” आणि हात आधीच स्वच्छ असताना पुन्हा पुसायला लागले.

मी आत पीठ चाळत होते. मला माहीत होतं की दर शुक्रवारी दुपारी, घरात कुणी नाही असं बघून, अम्मा डाव्या हातानं त्या तव्याला तेल लावते. वापर नाही म्हणून गंज चढेल याची तिला काळजी. फडक्याला तेल घेऊन मधल्या चकतीपासून कडेपर्यंत गोल गोल पुसायची आणि शेवटी दांड्यावरून हात फिरवायची. मी तिला असं दाराआडून पाहिलं होतं. आणि ती म्हणते लोखंडच तर हाय! मला इतका राग आला की चाळणी तशीच टाकून मी बाहेर आले.

“तवा कुठं जाणार न्हाई,” मी म्हणाले. “बाशी ईदच्या रोट्या मी करीन.”

“तू?” फुफीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी तेव्हा काडीपैलवान होते. “अगं, तव्याच्या दांड्याइतकं पण तुझं वजन न्हाई. कावून उगी हट्ट करायलीस?”

“करीन म्हणलं ना. एक जरी रोटी निखाऱ्यात पडली, तर त्याच दिवशी तवा घेऊन जा. तोवर हात लावायचा न्हाई.”

“शमीम!” अम्मा ओरडली.

फुफीला गंमत वाटली असावी. ती उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, “सगळ्यांसमोर बोललीस, पोरी. आता फिरायचं न्हाई. मी येताना बारदान घेऊनच येते, तवा बांधायला.”

ती गेल्यावर अम्मानं माझ्याशी बोलणं टाकलं. रात्रीचं जेवण वाढताना मात्र न राहवून म्हणाली, “मी तुला चुलीपुढं बसवायला शाळेत घातलं न्हाई. तवा गेला तर जाऊ दे. तुझं ध्यान पुस्तकात असू दे.”

“पुस्तकात पण राहील,” मी म्हणाले.

अब्बा घास गिळून हळूच म्हणाले, “मी उलटून देतो की तवा. तू नुसत्या चिकटव.”

“मग तो तुमचा तवा होईल, अब्बा. अम्माचा न्हाई.” दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर अंगणात खड्डा खणलेला होता आणि विटा मांडलेल्या होत्या.

सरावाला गोश्त कुठून आणणार? मी उकडलेल्या हरभऱ्याच्या डाळीत कांदा कालवून तो खिमा समजायचा असं ठरवलं. शाळा सुटली की दप्तर टाकायचं आणि चूल पेटवायची. पहिल्या दिवशी मी रोटी लाटली, वर डाळ पसरली, तव्यावर टाकली, सगळा जोर एकवटून तवा उचलला आणि उलटा केला. विटांवर तवा टेकायच्या आधीच रोटी अलगद सुटून निखाऱ्यात पडली. दुसरीही पडली. तिसरी तवा नुसता तिरका केल्याबरोबर घसरली. शेजारच्या कोंबड्यांना दोन दिवसांत माझी शाळा सुटायची वेळ पाठ झाली. त्या कुंपणावर येऊन बसायच्या आणि मी चुलीला फुंकर घालायला लागले की खाली उतरायच्या. गया मावशी, जिच्या कळपातला बोकड अब्बा दर वर्षी ईदला घ्यायचे, ती एकदा वाटेनं जाताना थांबली आणि म्हणाली, “शमे, कोंबड्या लई गुबगुबीत करायलीस. ईदला बोकडाऐवजी त्याच कापा.” मला ते अजिबात हसण्यासारखं वाटलं नाही.

मी सगळं करून पाहिलं. कणीक घट्ट केली, मग सैल केली. तवा जास्त तापवला, कमी तापवला. डाळीचा थर पातळ केला. हात ओला करून वरचा थर चांगला दाबून बसवला, अगदी भाकरीवर पाणी फिरवतात तसा हलक्या हातानं, कडेपर्यंत. खालून पोळपाटाला चिकटू नये म्हणून भरपूर पीठ लावलं. जितकी काळजी जास्त घ्यावी तितकी रोटी लवकर पडायची. अम्माला विचारलं तर ती तोंड फिरवून म्हणायची, “मला काय माहीत? हात करायचा, मी बघायची.” तिला ते शिकवायचं नव्हतं, हे खरं. पण तिला ते सांगताही येत नव्हतं, हेही खरं होतं, आणि हे मला फार उशिरा कळलं. मी पुढे पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं शिकवली. ज्याला एखादी गोष्ट पक्की येते त्यालाच ती शब्दांत सांगायला जड जाते, हे मी किती तरी वेळा अनुभवलं. माझं गणित कच्चं होतं, म्हणून मी गणित चांगलं शिकवायची.

ईद आठवड्यावर आली तरी माझी एकही रोटी तव्याला टिकली नव्हती. त्या दिवशी लागोपाठ सगळ्या पडल्या. धुरानं डोळे चुरचुरत होते, हाताला पोळलं होतं. मी उरलेला कणकेचा गोळा उचलून भिंतीवर फेकून मारला. तो चिकटला. भिंतीला चिकटतो आणि तव्याला चिकटत नाही, म्हणून मी मोठ्यानं रडायला लागले.

अम्मा आतून आली. खड्डा खणल्यापासून ती त्याच्याकडे फिरकलीच नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीवरचा गोळा काढला, त्याला लागलेली माती खरवडून टाकली आणि पाटावर बसली. “लाट,” एवढंच म्हणाली. मी नाक ओढत रोटी लाटली, डाळ पसरली. तिनं डावा हात पाण्यात बुडवला. रोटी उचलून त्या ओल्या तळव्यावर घेतली, वाकड्या उजव्या हातानं नुसता आधार दिला, आणि तळवा तव्यात उपडा न करता, रोटीखालून सरकवून काढत, रोटी तव्याला थापली. ओलं अंग तव्याला लागल्याबरोबर चर्र असा आवाज झाला. हा आवाज मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि इतक्या दिवसांच्या माझ्या सरावात तो एकदाही झाला नव्हता.

“अम्मा! पाणी खाली लावलंस!”

“आँ?”

“पाणी तू खालून लावलंस. तव्याच्या बाजूला. मी वरून फिरवायली!”

अम्मानं आपला ओला तळवा डोळ्यांसमोर धरला आणि तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखी बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. “अय्यो,” ती म्हणाली, “भाकरीला वर आन् रोटीला खाली. रोज एक, वर्षातून एकदा एक. मला कधी ध्यानातच आलं न्हाई गं.” मी भाकरी शिकले होते, आणि भाकरीला पाणी वरूनच फिरवतात. तव्याकडचं अंग कोरडं राहिलं पाहिजे. तव्याला चिकटली तर ती कसली भाकरी? मी तीन आठवडे रोटी न चिकटण्याचा सगळा बंदोबस्त करत होते आणि ती चिकटत नाही म्हणून रडत होते. आम्ही दोघी तिथंच बसून पोट दुखेपर्यंत हसलो. तवा उलटा करायचं राहून गेलं आणि त्या रोटीचा खालून कोळसा झाला. अम्मानं हसता हसता माझे डोळे पुसले आणि म्हणाली, “आता उलट बघू. पण आधी गणिताचं काय ते सांग. मास्तर काल अब्बांना भेटलेते.”

बाशी ईदचा दिवस उजाडला. खिमा मी कापला. माझ्या सुऱ्यांचा ताल अम्मासारखा जुळला नाही, मधेच अडखळायचा, पण गल्लीनं ऐकला. माणसं जमली. अब्बांचे अड्ड्यावरचे जीपवाले, सिरसाळ्याहून आलेले चुलते, गया मावशी आणि तिचा नवरा, सगळे सतरंज्यांवर बसले. फुफी सगळ्यांत शेवटी आली. तिच्या काखेत घडी घातलेलं बारदान होतं, बोलल्याप्रमाणे. तिनं ते मांडीवर ठेवलं आणि खड्ड्याच्या अगदी समोर, जिथून सगळं दिसेल अशा जागी बसली. अम्मा उंबऱ्यावर होती, वाकडा हात पदराखाली घेऊन.

पहिली रोटी मी लाटली. खिमा बोटांनी दाबत कडेपर्यंत पसरला. तळवा ओला केला. चर्र आवाज आला. कडा दाबल्या, रोटीनं तवा धरला याची खात्री केली, दोन्ही हातांनी दांडा पकडला, बिस्मिल्ला म्हणून तवा उचलला आणि विटांवर उपडा घातला. रोटी जागची हलली नाही. खिम्यातली चरबी निखाऱ्यांवर थेंब थेंब पडायला लागली आणि तो वास अंगणभर पसरला. करपल्याचा वास आला तेव्हा तो माझ्याही नाकाला कळला. तवा सुलटा केला, उलथण्यानं रोटी सोडवून पहिल्या ताटात टाकली. जीपवाल्यांनी गाडी सुरू झाल्यावर करतात तसा गलका केला. फुफीनं तिच्या वाट्याची रोटी तोडून एक घास खाल्ला आणि बारदानाची घडी सारखी केली.

दुसरी, तिसरी, चौथी. एकही पडत नव्हती. मी जिंकत होते आणि ते मला कळत होतं. पण सरावात मी रोज चार-पाच वेळाच तवा उचलला होता. इथं माणसं जेवत होती, आणि जेवणारी माणसं थांबत नाहीत. हळूहळू माझे हात भरून यायला लागले. दंडापासून बोटांपर्यंत एक थरथर सुरू झाली, अगदी अम्माच्या वाटी धरणाऱ्या हातासारखी. मी ओठ चावून करत राहिले. घाम डोळ्यांत जात होता. अब्बा दोनदा उठले आणि माझ्याकडे बघून दोनदा खाली बसले. अजून अर्धी माणसं जेवायची होती, आणि कणकेचे गोळे परातीत ओळीनं माझी वाट बघत होते.

मग व्हायचं ते झालं. तवा अर्धा उलटा झाला असताना माझ्या मनगटानं नकार दिला. दांडा हातात फिरला, तव्याची कड विटेवर आदळली, त्या हिसक्यानं रोटी एका बाजूनं सुटली, क्षणभर लोंबकळली आणि खिम्याकडून निखाऱ्यात पडली. तवा तिरका माझ्या हातात तसाच राहिला. तो मला ना खाली ठेवता येत होता, ना वर घेता येत होता.

सगळ्यांना शर्त माहीत होती. मी फुफीकडे पाहिलं. ती उठली. बारदान झटकून उलगडलं आणि खड्ड्याकडे यायला लागली. माझ्या मनात आलं, थांब तरी, निदान माणसं जेवू देत, मग बांध. तेवढ्यात उंबऱ्यावरून अम्मा धावत आली आणि समोर बसून तिनं डाव्या हातानं तव्याची मोकळी कड धरायला बोटं पुढे केली. ती कड लालबुंद तापलेली होती.

“दुल्हन!” फुफी ओरडली. “हात भाजून घेतीस का येडे?” तिनं बारदानाची चौघडी केली, जवळच्या बादलीत बुडवली आणि अम्माच्या हातात कोंबली. “हं, आता धर. पलीकडून धर. पोरीचा हात भरून आलाय, दिसत न्हाई का?”

अम्मानं बारदानातून कड धरली. मी दांडा धरला. आम्ही दोघींनी मिळून तवा उचलला आणि चुलीवर सरळ ठेवला. तो एकदम हलका लागला मला.

फुफी तिथंच उकिडवी बसली. चिमटा घेतला, निखाऱ्यातली रोटी उचलली, विटेवर दोनदा आपटून राख झाडली आणि तिचा मोठा घास तोडून तोंडात घातला. सगळे बघत होते. तिनं तो सावकाश चावला, गिळला, दुसरा तोडला. सगळी रोटी संपवली, करपलेल्या कडेसकट. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, “कुठं पडली? मला तर कुठं पडलेली दिसत न्हाई.” आणि अब्बांकडे वळून, चांगल्या चढ्या आवाजात, “आन् तू बघत काय बसलाइस? मिस्त्री हायस ना? तिकडून पण एक दांडा लाव त्याला. हे तुला मीच सांगावं का?”

अब्बांनी दुसऱ्याच दिवशी लावला. वेल्डिंगच्या ठिणग्या अंगणात उडत होत्या आणि अम्मा डोळ्यांवर हात धरून बोटांच्या फटीतून बघत होती. पुढची कितीतरी वर्षं तो तवा आम्ही दोघींनी उलटला, ती डाव्या हातानं, मी उजव्या. मी शिक्षिका झाले, लग्न झालं, बदल्या झाल्या, पण बाशी ईदला जिथं असेन तिथून केजला यायची. फुफी येताना दर वर्षी बारदान आणायची आणि जाताना तिथंच विसरायची. पडलेली रोटी घरातल्या सगळ्यांत थोरल्या माणसानं खायची हा आमच्या घरातला नवा रिवाज झाला. फुफी होती तोवर तिनं खाल्ली, मग अब्बांनी, मग अम्मानं.

यंदा एका दांड्याला माझी सून होती आणि दुसऱ्याला नात, सना, तेव्हा मी होते त्याच वयाची आणि तितकीच काडीपैलवान. मी पाटावर बसून नुसती लाटत होते, माझी मनगटं आता दुखतात. सनाला मी पाणी खालून लावायचं सांगितलं होतं, ते तिनं नीट केलं. तरी घाईत तिचा हात हलला आणि एक रोटी गेली निखाऱ्यात. पोरीचं तोंड एवढंसं झालं. ती सगळ्यांकडे बघायला लागली, डोळ्यांत पाणी. सून काहीतरी बोलणार होती, मी तिला हातानं थांबवलं. चिमटा घेतला, रोटी बाहेर काढली, विटेवर दोनदा आपटली आणि घास तोडला. राख दाताखाली कचकचली. आता घरातली सगळ्यांत थोरली मीच आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

“काय बघायलीस?” मी सनाला म्हणाले. “पुढची लाव.”